शेवटच्या पानावर जुळा भाऊ उगवला की तुम्ही काय करता?

खोडरबर
नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण आधी थोडं पाल्हाळ लावते, नाहीतर तो मला का पडला ते कळायचं नाही.

सांगलीत गावभागात माझं छोटं वाचनालय आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी बघते. डिपॉझिट ५००, महिना १५०, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचे खालचे दोन खण बुडाले. खालच्या दोन खणांत रहस्यकथा होत्या, कारण त्याच सारख्या लागतात आणि हाताशी असलेल्या बऱ्या. वरच्या खणांतली आत्मचरित्रं आणि अध्यात्म कोरडं ठणठणीत राहिलं. त्यांना आजही कुणी हात लावत नाही.

पुरानंतर लोकांनी पोती भरभरून पुस्तकं आणून दिली. उपकारच झाले, पण त्यात निम्म्या पुन्हा रहस्यकथा, एकेकीच्या तीन-तीन प्रती. आता जागा उरलेली नाही. रविवारी रद्दीवाला येणार आहे आणि साठेक पुस्तकं काढायची आहेत. कुठली काढायची, तिथे घोडं अडलंय.

आमच्याकडे एक काका येतात, बँकेतून निवृत्त झालेले. खुनाशिवाय दुसरं काही नेत नाहीत. आणि पुस्तकात पेन्सिलीनं लिहितात. 'पुस्तकात लिहू नये' ही पाटी त्यांच्याचसाठी लावली आहे, हे त्यांनाही माहीत आहे. पान ६२ वर समासात बारीक खातेवहीच्या अक्षरात 'भाचा?' असतं. पान ११० वर 'भाचाच.' शेवटच्या पानावर 'समाप्त'च्या खाली 'बोललो होतो.' पुस्तक परत आलं की मी खोडरबर घेऊन बसते. नावावरून ओळखलंच असेल.

तर खोडता खोडता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. काकांचा अंदाज बरोबर आला तर ते खूश असतात, त्याच लेखकाचं पुढचं मागतात. अंदाज चुकला आणि समासात 'अरेच्चा! पान ३१' असं काही लिहिलेलं असलं, म्हणजे मागे जाऊन पुन्हा बघून आले असले, तर मग विचारू नका. काउंटरवर अर्धा तास तीच चर्चा. पण गेल्या महिन्यात एका कादंबरीत, दोनशे पानं ज्याचा नामोल्लेख नाही असा जुळा भाऊ शेवटच्या दहा पानांत दुबईहून आला आणि खुनी तोच निघाला. काकांनी खाली लिहिलंय, 'ही चोरी आहे.' पेन्सिल इतकी दाबली आहे की खोडून झाल्यावरही मागच्या पानावर अक्षरं उमटलेली दिसतात. ते पुस्तक त्यांनी काउंटरवर ठेवलं नाही, टाकलं.

म्हणून तुम्हाला विचारते. कुठली क्लृप्ती आली की तुम्ही पुस्तक मिटता? आणि कुठली हजार वेळा आली तरी चालते?

मला स्वतःला न चालणारी म्हणजे मरणाऱ्याचं अर्धवट नाव. पाठीत सुरा, तोंडातून फक्त 'र... र...' आणि मान टाकली. घरात राघव, रमेश, रोहिणी आणि स्वयंपाकाला रखमा. अहो, 'र' म्हणायला जेवढा दम लागतो तेवढ्यात 'रमेश' म्हणून होतं!

सात_बेचाळीस
'फोनवर सांगता येणार नाही, भेटून सांगतो.' बास. हे वाक्य आलं की मी मनातल्या मनात त्या माणसाच्या फोटोला हार घालतो. संध्याकाळी सातला भेटायचं ठरतं, आपला हिरो सव्वासातला पोचतो, दार नुसतं लोटलेलं असतं. आमच्या डोंबिवलीत दार लोटलेलं दिसलं तर शेजारच्या काकू आधी आत जाऊन चहा टाकतील.

माझी दुसरी तक्रार वेगळी आहे. मी हल्ली वाचत नाही, ऐकतो. डोंबिवली ते सीएसएमटी, एका कानात इअरफोन, दुसरा कान 'पुढचं स्टेशन' साठी मोकळा. आणि आजकालच्या कादंबऱ्यांना दोन काळांत उड्या मारायची खोड लागली आहे. 'अठरा वर्षांपूर्वी.' 'आज.' 'त्याच्या आदल्या रात्री.' छापील पुस्तकात मथळा दिसतो, शंका आली तर पान उलटता येतं. माझ्या कानात मथळा ठाण्याला वाजतो, चढणाऱ्या गर्दीत. मुलुंडपर्यंत मी मेलेल्या बाईचा आजचा संवाद ऐकत असतो आणि ती अजून जिवंत कशी, या कोड्यात. लेखकाला वाटतं धक्का दिला. धक्का मला मागच्या माणसानं दिलेला असतो.

ठाणे_अंमलदार_निवृत्त
ताई, पोलिसात ३३ वर्षं काढली, त्यातली शेवटची काही ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. मुलगी मला रहस्यकथा वाचू देत नाही, कारण मी वाचताना मोठ्यानं बोलतो.

मी कुठे पुस्तक मिटतो सांगतो. डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो. इन्स्पेक्टर कोपऱ्यातल्या खुर्चीत चहा पीत बसलेले. डिटेक्टिव्ह फेऱ्या मारत एकेकाचं वस्त्रहरण करतो, शेवटी खुनी उठतो आणि ओरडतो, 'होय, मीच मारलं त्याला!' इन्स्पेक्टर बेड्या घालतात. समाप्त.

इथे समाप्त नाही हो, इथे तर आमच्या केसची वाट लागते. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ सांगायचं की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. आता नवा कायदा आला, १ जुलै २०२४ पासून तेच सगळं कलम २३ मध्ये गेलं, पण अर्थ तोच. त्या दिवाणखान्यातली आरोळी कोर्टात शून्य. कबुली द्यायचीच असेल तर मॅजिस्ट्रेटपुढे, आणि तेही विचार करायला वेळ देतात, दबाव नाही ना म्हणून विचारतात. तोवर वकील भेटलेला असतो.

मग आम्ही काय करायचो? आरोपीनं सांगितलं की 'हत्यार कुठं टाकलंय ते दाखवतो', आणि ते खरंच तिथे मिळालं, तर तेवढा भाग पुरावा म्हणून चालतो. त्याला आमच्या भाषेत निवेदन पंचनामा. एक प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे. गाव सांगत नाही. आरोपी म्हणाला, कोयता उसात टाकलाय. दोन पंच गोळा केले. एक किराणा दुकानदार, दुसरा दूध घालून परत चाललेला माणूस, रिकाम्या किटल्या सायकलला तशाच. जीपमधून गेलो. ऊस पुरुषभर उंच, आत शिरलं की पात्यांनी मान कापून निघते. दुसऱ्या पंचाचं एकच पालुपद, 'सायेब, धारंची वेळ झाली.' तासाभरानं कोयता मिळाला. पाटाच्या कडेला पंचनामा लिहिला, कोयता कागदात गुंडाळला, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावली, दोऱ्यानं बांधला. लाख वितळवायला काडी लावावी तर वाऱ्यानं विझायची. हवालदारानं टोपीचा आडोसा केला तेव्हा कुठे पितळी शिक्का उमटला. पुढे मुद्देमाल तपासणीला गेला, सी.ए.चा, म्हणजे रासायनिक तपासणीचा, रिपोर्ट यायला महिने लागले.

आणि चार वर्षांनी दूधवाला कोर्टात उभा राहून म्हणाला, 'मला काही माहीत नाही. कोऱ्या कागदावर सही घेतली.' पंच फितूर.

ताई, खुनी कोण हे गावाला बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी माहीत असतं. कळत नाही ते हे, की दूधवाला चार वर्षं आपल्या शब्दावर टिकेल का. त्यावर कुणी कादंबरी लिहिली तर मी डिपॉझिट भरून सांगलीला येतो.

खोडरबर
अंमलदार काका, टोपीचा आडोसा वाचून मी दुकानात एकटीच हसले. आमच्याकडच्या शेकडो पुस्तकांत खून आहेत, पण लाख विझल्याचं एकात नाही. डिपॉझिट भरू नका, नुसते या.

ओपीडी_नंतर
थोडक्यात लिहितो, पेशंट बाहेर बसलेत.

'मृत्यू रात्री ९ वाजून २० मिनिटं ते ९ वाजून ४० मिनिटांच्या दरम्यान झाला.' प्रेत पाहताक्षणी डॉक्टर असं म्हणाला की माझं पुस्तक बंद. शरीर थंड होणं, ताठरणं, रक्त खाली उतरणं, सगळं हवेवर, कपड्यांवर, माणसाच्या चणीवर अवलंबून. ही गणितं वाचकाच्या डोक्यात बसली ती थंड देशांतल्या कादंबऱ्यांमुळे. मे महिन्यात विदर्भात बंद खोलीत पंखा बंद असेल तर बाहेरचं तापमानच शरीराएवढं किंवा त्याच्या वर. थंड होणार कशाला? आम्ही तासांची पट्टी सांगतो, तीही हात राखून.

दुसरं, क्लोरोफॉर्मचा रुमाल. नाकाला लावला आणि हिरॉइन मुकाट्यानं कोसळली असं होत नाही. सलग काही मिनिटं लागतात, तोवर माणूस झटापट करतो, चावतो, अख्खी चाळ गोळा होते. हे खरं असतं तर भूलतज्ज्ञांनी इतकी वर्षं शिक्षण कशाला घेतलं असतं?

तरीही वाचतो. रोज रात्री. ते घड्याळ फुटून वेळ थांबल्याचं मला आवडतं, का ते विचारू नका.

मालवणी_मिरी
सगळे जुळ्या भावाच्या मागे हात धुऊन लागलात, म्हणून मी त्याच्या बाजूनं उभी राहते.

आमच्या कुडाळच्या घरात माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक होती. वर धोतरं, खाली बाबुराव अर्नाळकर. धनंजय, झुंजार, काळा पहाड. त्या माणसानं हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. हजार! दर वेळी नवी क्लृप्ती कुठून आणणार? आजोबा तीच पुस्तकं दर पावसाळ्यात पुन्हा वाचायचे. मी नववीत असताना विचारलं, खुनी माहीत आहे तर परत कशाला वाचता? म्हणाले, 'गो, खुनी कोण ता माका ठावक आसा. तेका धरतत कसे ता बघूचा आसा.'

वेषांतराचं घ्या. दाढी लावली, चष्मा घातला की सख्खी बायको ओळखत नाही. खोटं आहे, कबूल. पण दशावतारात आमचा शेजारी लुगडं नेसून द्रौपदी होतो आणि त्याच्या मिशीची कड दिसत असते, तरी बायका डोळे पुसतातच ना? समोर बसलेल्यानं मान्य केलं की झालं.

आणि हा कंटाळा आजचा नाही. इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स नावाचे एक पाद्री होते, स्वतःही रहस्यकथा लिहायचे. त्यांनी १९२९ मध्ये अशा कथांसाठी चक्क दहा आज्ञा लिहिल्या. त्यांतली एक जुळ्या भावंडांवरच आहे. बंदी नाही बरं का! वाचकाला आधी नीट तयार केलं नसेल तर आणू नका, एवढंच. दुसरी माझी लाडकी, की गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. एक चालेल. हा हिशेब अगदी आमच्याकडचा वाटतो. पाहुणा एक चालेल, दोन आले तर मासे पुरायचे नाहीत.

म्हणजे खोडरबर ताई, तुमच्या काकांनी दाबून लिहिलं तेच पाद्रीबुवांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. राग भावाचा नाही, तो दुबईत लपवून ठेवला होता त्याचा आहे. पान ३० वर आईच्या फोटोत दोन झबली वाळत घातलेली दाखवली असती, तर काकांनी 'अरेच्चा!' लिहिलं असतं.

स्पष्टवक्ता
मूळ मुद्दा कुणी बोलतच नाही. पान ६२ वर खुन्याचं नाव लिहिणं हाच गुन्हा आहे. पुढच्या वाचकाचा विचार? तुमच्या काकांना दंड लावा. मी एकदा असंच पुस्तक आणलं होतं, पहिल्या पानावर पात्रांची यादी आणि एका नावाखाली बॉलपेननं रेघ. बॉलपेननं! त्या दिवसापासून मी विकत घेऊन वाचतो.

अभ्यासिका_टेबल_चार
राज्यसेवेचा अभ्यास करते, दिवसाला चाळीस पानं रहस्यकथा हे माझं बक्षीस. त्यामुळे मला वेळ फुकट गेलेला चालत नाही.

जुन्या क्लृप्त्यांना हसता, पण नव्या लेखकांनी नवा साचा पाडलाय तो बघा. डिटेक्टिव्हची बायको वारलेली किंवा सोडून गेलेली. मुलगी बोलत नाही. तो पितो. फ्रिजमध्ये अर्धं लिंबू आणि बर्फ. साहेब त्याला 'केस सोड' म्हणतात, तो सोडत नाही. आणि खुनी त्याच्या भूतकाळातलाच कुणीतरी, जो चिठ्ठ्या पाठवतो. गेल्या सहा महिन्यांत असे पाच वाचले. पाचव्याच्या फ्रिजमध्येही लिंबू होतं, देवाशप्पथ.

आणि सीसीटीव्ही 'नेमका' बंद. सह्याद्रीत 'नेमकी' रेंज नाही. रेंज नाही हे मी मानते, आंबा घाटात मलाही नसते. पण मग आधीच्या पानावर त्याच घाटात बसून हिरो व्हिडिओ कॉल का करतो?

मला न चालणारं म्हणजे 'मी' म्हणून गोष्ट सांगणारी बाई शेवटी स्वतःच खुनी निघते ते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोपले नाही. आता पहिल्या पानावर 'मला त्या रात्रीचं नीटसं आठवत नाही' आलं की मी तिलाच अटक करून टाकते.

ठाणे_अंमलदार_निवृत्त
बाळ, आमच्या वेळचा सगळ्यात हुशार तपासी अंमलदार रोज संध्याकाळी मिसेसबरोबर फिरायला जायचा आणि चातुर्मास पाळायचा. त्याच्यावर कोण लिहिणार? अभ्यास कर. पास झालीस की खरी फाइल वाचायला मिळेल, तिच्यात लिंबू नसतं.

सात_बेचाळीस
@अभ्यासिका, लिंबू वाचून कुर्ल्याला मोठ्यानं हसलो. समोरच्यानं जागा बदलली.

खोडरबर
सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री जेवणं झाल्यावर तुमचे प्रतिसाद आणि पुस्तकांचा ढीग, दोन्ही समोर घेऊन बसले.

आधी स्पष्टवक्ते, तुमचं. तुमचा राग बरोबर आहे आणि दंडाचं मी दोनदा बोललेही होते. पण अडचण अशी झाली आहे की आमच्याकडे एक वहिनी येतात, शिवणकाम करतात. त्या येऊन हळूच विचारतात, 'काकांची पेन्सिल लागलेलं आहे का एखादं?' त्या त्यांच्याशी शर्यत लावून वाचतात. पान ५० पर्यंत यायच्या आत स्वतःचा खुनी ठरवायचा आणि मग समास बघायचे. काकांना यातलं काही माहीत नाही. म्हणून हल्ली मी दोन प्रती असल्या की एकच खोडते. तुम्ही आलात तर खोडलेली देईन.

रद्दीचं ठरलं. जुळा भाऊ आहे म्हणून काहीच काढत नाही, मिरीनं मला गप्प केलं. दार लोटलेलं, 'र... र...', क्लोरोफॉर्म, सगळे राहतात. ज्यांत शेवटच्या दहा पानांत नवा माणूस, नवं मृत्युपत्र किंवा नवं विष उपटलंय तेवढे काढले. ४३ भरले. लिंबूवाले दोन सापडले, एक ठेवलाय, नमुना म्हणून. दुबईवालाही ठेवला आहे. मागच्या पानावर उमटलेल्या त्या अक्षरांसाठी, वाङ्मयासाठी नव्हे.

ढिगात आणखी एक निघालं, ते मात्र कुठे ठेवावं कळेना. पुरातून वाचलेलं आहे. मुखपृष्ठ आणि पहिली चार पानं गेलेली, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. आणि शेवटचा अख्खा फॉर्मा, म्हणजे एकत्र शिवलेली सोळा पानं, गळालेला. पान २०८ वर गोष्ट अर्ध्या वाक्यात तुटते, 'तिनं पेटीची चावी' इथे. मी पाठीवर 'शेवट नाही' अशी चिठ्ठी डकवली होती, कुणी नेऊ नये म्हणून. वहीत बघितलं तर गेल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त वेळा तेच गेलंय. पान २०८ च्या खालच्या कोऱ्या जागेत तीन हस्ताक्षरं आहेत. काकांचं 'मॅनेजर.' वहिनींचं बहुतेक, 'मॅनेजरची आई.' आणि एक लहान मुलाचं वाटावं असं, 'कुणीच नाही तो पळून गेला.'

साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर खून होतो, तपासाला विमा कंपनीचा माणूस येतो आणि त्याला सतत शिंका येत असतात. कुणी वाचली आहे का? असेल तर पान २०९ ते २२४ चे फोटो काढून मला वैयक्तिक निरोपात पाठवा. इथे टाकू नका. काका हल्ली नातवाच्या फोनवर काय काय बघत असतात, नेम नाही.